गोंधळाला घर लागतं

सुपारी द्यायला माणूस आला की तात्या त्याला आधी तीन गोष्टी विचारतात. कुलदैवत कोणतं, मूळ गाव कोणतं, आणि घरात सगळ्यात म्हातारं माणूस कोण. किती लोक जमणार, स्टेज आहे का, माईक कोणाचा, हे सगळं नंतरचं. तात्या माझे चुलते. आमचं घराणं कदमराई, म्हणजे तुळजाभवानीच्या गोंधळ्यांचं. माहूरच्या रेणुकेचे ते रेणुराई. मी दिवसा एका पतसंस्थेच्या थकीत कर्जांच्या वसुलीला लोकांच्या दारात जातो आणि लग्नसराईत रात्री तात्यांच्या मागे तुणतुणं घेऊन उभा राहतो. दोन्ही कामांत लोकांच्या घरात शिरावं लागतं. दुसऱ्या कामात चहा मिळतो.

अलीकडे सुपारी घेऊन येतो तो बहुधा नवरदेवच, नाहीतर त्याचा थोरला भाऊ. कुलदैवत तुळजापूर, एवढं त्याला माहीत असतं. मूळ गाव विचारलं की म्हणतो, "आम्ही पुण्याचेच." तात्या विचारतात, "आणि पुण्याच्या आधी?" मग आजीला फोन लागतो. स्पीकरवर टाकलेला तो फोन मला फार आवडतो. आधी आजीला कळतच नाही की कोण विचारतंय आणि कशाला. कळलं की मग ती थांबत नाही. वेशीतला मारुती, ओढ्याकाठचा म्हसोबा, विहिरीवरच्या साती आसरा, भावकीत वाटून गेलेल्या रानातला एक शेंदूर फासलेला दगड, ज्याला नाव नाही पण नैवेद्य आहे. तात्या लिहून घेत नाहीत, मी घेतो. पोरगा आमच्या तोंडाकडे बघत राहतो. त्याच्याच घराण्यातले देव त्याच्याच फोनवरून परक्याच्या वहीत उतरत असतात.

ही यादी लागते आवाहनाला. चौक भरला, गण झाला, की देवीला बोलवायचं, आणि देवी काही एकटी येत नाही. तुळजापूर, माहूर, कोल्हापूर, सप्तशृंगी, जेजुरी, पंढरपूर, वाडी रत्नागिरीचा ज्योतिबा, सगळ्यांना त्यांच्या गावासकट हाक जाते. हे मोठे देव. ते कुठल्याही गोंधळात येतात, मोबाईलवरच्या गोंधळातसुद्धा येतात. त्यांच्या पाठोपाठ तात्या त्या घरचा म्हसोबा घेतात, त्या घरच्या आसरा घेतात. कोपऱ्यात प्लास्टिकच्या खुर्चीवर आणून बसवलेली म्हातारी असते; तिला तोवर जो तो "आजी, पाणी देऊ का?" एवढंच विचारत असतो. ती पदर सारखा करते आणि खुर्चीतच पुढं सरकून हात जोडते.

तर अशा या प्रकाराबद्दल आम्हाला आता विचारतात की हा फॅमिली शो आहे ना? विचारणारे रिसॉर्टवाले असतात, हुरडा पार्टीवाले असतात, सोसायटीच्या गणपतीत सांस्कृतिक कार्यक्रमांची जबाबदारी घेतलेले असतात. "फॅमिली ऑडियन्स आहे, तेवढं सांभाळून घ्या." सांभाळून घ्या म्हणजे गाळा. लांबड गाळा, चावट गाळा, रडकं गाळा, मरण तर पहिल्यांदा गाळा. संबळ कडकडू द्या, कवड्यांच्या माळा दिसू द्या, पोत नाचवा आणि अर्ध्या तासात आटपा. त्यांचंही अगदीच चुकतं असं नाही, जेवणं थंड होतात. पण कुटुंबापुढं काय चालतं ते गोंधळ्याला सांगणं म्हणजे सुईणीला बाळंतपण शिकवणं. आम्ही कुटुंबापुढं सोडून दुसरीकडं उभे राहिलो कधी? घरात लग्न झालं, मुंज झाली, नवसाचं पोर झालं की गोंधळ घालायचा, हा कुळाचार. फडावरच्या तमाशाला घरच्या बायका जात नसत; 'खास महिलांसाठी' म्हणून लावणीचे खेळ लागायला लागले ते अलीकडे. गोंधळाला मात्र बाई माजघराच्या उंबऱ्यात का होईना, बसलेली असायचीच. तिच्या मांडीवर पोर असायचं, पाठीमागं सासू असायची. आणि तरी आम्ही काही गाळत नव्हतो.

कारण तेव्हा आमच्या हाताशी अख्खी रात्र होती.

रात्र माणसं आपोआप निवडते. दिवेलागणीला चौक मांडायला सुरुवात झाली की पहिली गर्दी पोरांची. पाटावर कोरं कापड, त्यावर तांदळाची रास, कलश, विड्याची पानं, नारळ, आणि भोवती पाच ऊस उभे करून शेंडे एकत्र बांधायचे. ऊस धरायला पोरंच लागतात. ज्याच्या हातात ऊस तो त्या रात्रीपुरता मानकरी. उसासाठी मारामाऱ्या झालेल्या मी बघितल्या आहेत. तोवर संबळ चुलीपुढं. दमट हवेत कातडं सैल पडतं, आवाज ओला येतो. दोन भांड्यांपैकी धाकट्याचा आवाज चढा, थोरल्याचा घोगरा, दोन्ही निखाऱ्यापासून हातभर अंतरावर धरून फिरवत राहायचं आणि मध्येच बोटानं टिचकी मारून ऐकायचं. आमचा धाकटा चुलतभाऊ संबळ वाजवतो. टिचकी मारली की त्याची मान किंचित वाकडी होते आणि त्याच्या भोवती बसलेल्या चार-पाच पोरांच्याही माना तेवढ्याच वाकड्या होतात.

मग आवाहन, ते म्हाताऱ्यांचं. त्यानंतर माझं काम सुरू होतं. नाईक कथा सांगतो आणि जोडीदार त्याला आडवा येतो. नाईक म्हणाला राजा आला, की मी विचारायचं, कोणत्या गाडीनं? बिनडोक प्रश्न विचारणारा एक माणूस कथेत लागतोच, म्हणजे ज्याला खरंच कळलेलं नाही त्याची लाज झाकली जाते. मी हे काम मनापासून करतो. वसुलीत मला एकही बिनडोक प्रश्न विचारता येत नाही.

पोरांसाठी आणखी एक राखून ठेवलेलं असतं, करपल्लवी. एखाद्या पोरानं माझ्या कानात नाव सांगायचं. त्याच्या मास्तरांचं, मैत्रिणीचं, कुत्र्याचं, कोणाचंही. तात्या पार तिकडच्या भिंतीजवळ पाठमोरे. ते वळले की मी तोंडातून चकार शब्द न काढता हातानं खुणा करायच्या, बोटं, मनगट, कोपर, आणि तात्या नाव जसंच्या तसं सांगणार. कसं, ते इथं लिहिणार नाही. ते आमच्या पोटावर पाय आणणारं आहे. एवढंच सांगतो की हल्लीच्या पोरांनी कानात सांगितलेल्या नावांमुळं आमच्या खुणांवर फार ताण पडतो. 'कियांश' हे नाव हातानं सांगून बघा. नव्या नवरीला कोणीतरी ढकलून आणतंच. ती नवऱ्याचं नाव माझ्या कानात सांगते, तात्या ते तिकडून खड्या आवाजात पुकारतात, आणि ती लाजायच्या ऐवजी खुणा कशा केल्या म्हणून माझ्या हाताकडंच बघत राहते.

हे होईतो बारा वाजायचे. पोरं एकेक करून आडवी होत, जिथं बसली तिथंच, कोणाच्या मांडीवर, कोणी वाकळेत, कोणी थेट संबळाच्या पायथ्याशी. त्या कडकडाटात पोरं कशी झोपतात हे कोडं मला अजून सुटलेलं नाही, पण झोपतात खरी. आणि मग आख्यान लागायचं. चांगुणेनं स्वतःच्या हातानं चिलयाला उखळात घातलं ते आता. हरिश्चंद्राची तारामती बाजारात उभी राहिली ती आता. जे चावट ते आता, जे भयंकर तेही आता. कोणाला उठून जा म्हणावं लागत नसे. एखादं पोर मध्येच जागं व्हायचं, दोन वाक्यं ऐकायचं, आईच्या डोळ्यांत पाणी बघायचं आणि पुन्हा झोपायचं. त्याला ती दोन वाक्यं जन्मभर पुरत. पहाटे आरतीला सगळ्यांना उठवायचं, पोत पाजळायचा, आणि आंबलेल्या डोळ्यांची पोरं पुन्हा पुढं.

आमच्या विद्येचा उगम विचारला तर अभ्यासक बाराव्या शतकात जातात. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लासा'त गोंडली नावाचं नृत्य आहे, पुढं शार्ङ्गदेवाच्या 'संगीतरत्नाकरा'तही आहे, आणि तिथून ते धागा आमच्यापर्यंत आणतात. तात्या त्याच्याही मागे जातात. परशुरामानं बेटासुर मारला. त्याच्या शिराच्या तंतूंनी त्याच्याच मस्तकाचं वाद्य ओवलं आणि ते वाजवत घरी येऊन आईपुढं उभा राहिला. आमचं तुणतुणं त्या वाद्याच्या वंशातलं. म्हणजे पहिला गोंधळ एका पोरानं आपल्या आईसाठी घातला. आता ही कथा फॅमिली शोच्या मापात बसवून दाखवा. राक्षसाचं मुंडकं, शिरा, आणि ज्या आईपुढं तो वाजवतोय तिचंच डोकं त्यानं एकदा बापाच्या शब्दाखातर उडवलेलं आहे, हे ऐकणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक. तात्या ते बोलून दाखवत नाहीत. "आणि आईनं त्याला जवळ घेतला," एवढं म्हणून संबळाकडं बघतात. समोर बसलेल्या आयांचे चेहरे त्या वेळी बघावेत.

कुटुंब म्हणजे काही नाजूक काचेचं सामान नव्हे. घरात मरणं होतात, वाटण्या होतात, सुना जळतात, भाऊ भावाचं तोंड बघत नाहीत. मी वसुलीला जातो तेव्हा हे सगळं बघतो. त्याच घरात रात्री गोंधळाला गेलो तर त्यांच्यापुढं फक्त गोड गोड गाऊन कसं चालेल? जांभूळ आख्यान लग्नानंतरच्या गोंधळात सांगत, यातच सगळं आलं. ऐन हळदीच्या अंगाचं जोडपं पुढ्यात, आणि नाईक सांगतो काय, तर पाच नवऱ्यांच्या द्रौपदीचं मन कर्णाला बघून हललं.

हे आख्यान महाराष्ट्राला नव्यानं ऐकवलं ते शाहीर विठ्ठल उमपांनी. त्यांनी ते रंगमंचावर आणलं आणि एकट्याच्या अंगात द्रौपदीही आणली, कृष्णही आणला. २०१० साली उमप गेले. तात्यांनी त्यांचा प्रयोग बघितलेला आहे. त्या प्रयोगाबद्दल विचारलं की ते त्यांच्या अभिनयाचं बोलत नाहीत. म्हणतात, "बाई होताना ते बाईची नक्कल करत नव्हते." तात्यांच्या तोंडून कोणाला एवढी पावती मिळालेली मी दुसरी ऐकलेली नाही.

स्टेजवर गोंधळ नेणाऱ्यांबद्दल आमच्यात दोन मतं आहेत, आणि दोन्ही एकाच घरात आहेत. शाहीर साबळ्यांनी 'महाराष्ट्राची लोकधारा' उभी केली तेव्हा वासुदेव, वाघ्या-मुरळी, कोळी, गोंधळी असे सगळे एका संध्याकाळी एका पडद्यामागून यायला लागले आणि लोक सहकुटुंब तिकीट काढून ते बघायला लागले. माझ्या वडलांना याचा अभिमान होता. दारोदार जाणाऱ्या आपल्या विद्येला खुर्चीत बसून बघणारे लोक मिळाले, हे त्यांना फार मोठं वाटायचं. मलाही साबळ्यांचं मोल कळतं. पण त्यांच्या मागून जे आलं ते आता शाळेच्या गॅदरिंगपर्यंत पोचलंय. पाच मिनिटांचा ट्रॅक, प्लास्टिकच्या कवड्या, विजेवर पेटणारी दिवटी, ओळीत उभी पोरं. माझा स्वतःचा पोरगा गेल्या वर्षी त्यात होता, तिसऱ्या ओळीत. बरं नाचला. फक्त त्याला कोणी मूळ गाव विचारलं नाही. रंगमंचावरच्या गोंधळात सगळं असतं, हाकही असते, पण कोणाच्या घरचा म्हसोबा यायचा ते ठरलेलं नसतं. मग तो येत नाही.

घराचे मी फार गोडवे गातोय असं वाटू नये. देव्हाऱ्यापुढं आम्ही उभे, यजमान आमच्या पाया पडतो, आणि पंगत बसली की काही घरांत आमची पानं पडवीत. सगळ्यांचं झाल्यावर. सरकारदरबारी आमची जात भटक्या जमातींच्या यादीत आहे. पडवीतल्या पानाला यादी बघावी लागत नाही. तात्या मुकाट्यानं जेवतात. धाकटा जेवत नाही, मोटारसायकलवर जाऊन बसतो. मी जेवतो, आणि जेवताना मनात त्या घराचा हप्ता कुठल्या बँकेचा असेल याचा हिशेब करतो. फ्लॅटमध्ये एक चांगलं झालं, तिथं पडवीच नाही.

फ्लॅटमधल्या गोंधळाचं शास्त्र मात्र आम्हाला नव्यानं मांडावं लागलं. ऊस लिफ्टमध्ये बसत नाहीत, जिन्यानं न्यायचे. नेले की पंख्याला लागतात, म्हणून शेंडे छाटायचे. संबळ शेकायला चूल नाही, गॅस आहे. पण गॅसची आच एकाच जागी लागते, कातडं जळायची भीती, म्हणून धाकटा तवा तापवून त्याच्यावर संबळ धरतो आणि घरातल्या बायका आपल्या तव्याकडं काळजीनं बघतात. पोत पाजळायचा तर आधी खिडक्या उघडायच्या, पडदे बांधायचे, आणि खाली वॉचमनला सांगून ठेवायचं की धूर दिसला तर घाबरू नको. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद, हा २००० सालचा नियम. संबळाला ध्वनिक्षेपक लागत नाही, ही शेजाऱ्यांची खरी अडचण. तेव्हा सहाला सुरुवात आणि दहाला आरती. रात्रभराचं सगळं चार तासांत.

यात गेली ती झोप. दहाच्या आत कुठलं पोर झोपतंय? ज्या आख्यानाला ती आडवी झालेली असायची त्या आख्यानाला ती आता टक्क जागी, पहिल्या रांगेत, हातात वेफर्स. मला वाटलं होतं, आता तात्यांना गाळावं लागणार. रात्रीनं जे निवडायचं ते आता त्यांनी निवडायचं.

गेल्या मोसमात पिंपरीकडं सहाव्या मजल्यावर गोंधळ होता. सुपारी देतानाच नवरदेवाच्या वडलांनी बजावलं होतं, लहान मुलं आहेत, जांभूळबिंभूळ नको, काहीतरी हलकंफुलकं घ्या. तात्या हो म्हणाले. आवाहन झालं, करपल्लवी झाली, आणि तात्यांनी सरळ जांभूळ धरलं. मी मागून तुणतुण्याची तार जरा जोरात ओढली, पण ते ढिम्म.

कथा अशी की कृष्ण पांडवांना घेऊन रानात जातो. झाडाला एकच पिकलेलं जांभूळ. भीम ते तोडतो. ते निघतं एका ऋषीचं. त्याचा उपास त्या जांभळावर सुटायचा. आता शाप बसणार. उपाय एकच, ज्यानं त्यानं आपल्या मनातलं खरं सांगावं, जांभूळ तेवढं वर चढेल. एकेक पांडव सांगतो, जांभूळ एकेक हात वर. देठापाशी पोचतं आणि द्रौपदीची पाळी येते. ती म्हणते, माझ्या मनात काही नाही. जांभूळ धप्पकन खाली.

मी विचारायचा तो प्रश्न इथं विचारायचा असतो, "का हो बुवा, देठ सुटला का?" माझं तोंड उघडायच्या आत पुढच्या रांगेतली सात-आठ वर्षांची एक पोरगी म्हणाली, "ती खोटं बोलली."

तात्या माझ्याकडं न बघता तिच्याकडं वळले. "कशावरनं?"

"जांभूळ पडलं ना."

"मग आता तिनं काय करावं?"

"खरं सांगावं."

"पाच नवरे बसलेत समोर. सासू ऐकतीय. सांगावं?"

पोरगी घुटमळली. तिनं मागे आईकडं बघितलं, आई नव्या नवरीकडं बघत होती, नवरी साडीच्या काठाकडं. कोपऱ्यातल्या खुर्चीतून म्हातारी बोलली, "सांगू दे की तिला. पाचांनी सांगितलंच ना आपापलं."

तात्यांनी पुढं होऊन त्या खुर्चीला हात लावला आणि द्रौपदीकडून सांगवलं. जसं सांगायचं तसंच, एक शब्द कमी न करता. जांभूळ देठाला लागलं तेव्हा धाकट्यानं संबळावर जी थाप टाकली ती पाचव्या मजल्यावर ऐकू गेली असणार, कारण खालून बेल वाजली. दहाला पाच मिनिटं कमी होती. आरती झाली, पोत खिडकीपाशी नेऊन विझवला, उसाचे तुकडे करून पोरांना वाटले.

पैसे देताना नवरदेवाचे वडील जरा गंभीर होते. म्हणाले, "मी नको म्हणालो होतो."

"म्हणाला होतात," तात्या म्हणाले.

त्यांनी पाकीट तात्यांच्या हातात ठेवलं, थोडा वेळ उभे राहिले, आणि मग विचारलं, धाकट्या मुलाचं लग्न पुढच्या वैशाखात धरलंय, तेव्हाची तारीख आत्ताच लिहून घेता येईल का. फक्त सुरुवात पाचला करू, म्हणजे आख्यानाला घाई होणार नाही. मी वही काढली. मूळ गाव विचारायची गरज नव्हती, ते लिहिलेलं होतंच. म्हातारीनं आतून ओरडून सांगितलं की मागच्या वेळी सांगायचा एक बिरोबा राहून गेलाय, तोही घाला.